देवीची दरी आणि पांढरीचे टेकाड : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात खानदेशातील भटकंतीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. हाताशी एकच दिवस आहे, त्यात गावाकडची रीतही अनुभवायची आहे आणि जुने अवशेषही पाहायचे आहेत, तर दिवसाची आखणी कशी करावी? सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या दरीत मी आजवर अनेक दिवस घालवले आहेत आणि तिच्याविषयी घाईने लिहिणे मला जमत नाही.

प्रश्न : आमचे मूळ गाव पाचोरा तालुक्यातील असून गेली अनेक वर्षे आम्ही पुण्यात राहतो. नातवाचे जावळ काढण्यासाठी येत्या माघात पाटणादेवीला जायचे ठरले आहे. सुनेचे माहेर कोकणातले आहे आणि तिला जुन्या वास्तूंची मनापासून आवड आहे. बरोबर माझ्या ८० वर्षांच्या सासूबाईही असतील. देवीचे कार्य उरकून त्याच दिवशी आणखी काय पाहता येईल? मुलाचे म्हणणे असे की, पितळखोऱ्याची लेणीही त्याच दिवशी करावीत. (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘उरकून’ या शब्दापाशी मी थांबले. पाटणादेवीला देवीचे कार्य आणि जुन्या वास्तूंचे दर्शन ही दोन वेगळी कामे मानली, तर दोन्ही अपुरी राहतात, असा माझा अनुभव आहे. त्या दरीत ज्या वाटेने नवस फेडायला माणसे जातात, तिच्याच कडेला आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे दगड उभे आहेत. त्यामुळे दिवस एकच धरावा आणि त्याला सलग राहू द्यावे.

चाळीसगावच्या दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या कड्यांनी वेढलेल्या दरीत चंडिकादेवीचे हे ठाणे आहे. हा सारा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत जावे लागते आणि उजेड असेपर्यंत बाहेर पडावे लागते. चाळीसगाव सकाळी साडेसहाच्या सुमारास सोडले, तर दरीत ऊन उतरण्यापूर्वी आपण पोहोचाल.

दरीच्या तोंडाशी पाटणे हे गाव लागते. तेथे गाडी दहा मिनिटे थांबवावी, अशी माझी विनंती आहे. थांबून पाहण्यासारखे तेथे डोळ्यांना काही दिसणार नाही. तरीही याच शिवारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास उत्खनन केले आणि त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व रेषा कोरलेला कवचाचा तुकडा सापडला. त्याचा काळ आजपासून सुमारे २५,००० वर्षे मागे जातो. त्या काळी खानदेशच्या या कोरड्या माळावर शहामृग फिरत होते आणि त्यांच्या अंड्यांच्या कवचाचे मणी करून माणसे ते अंगावर घालत होती. नातवाच्या गळ्यात किंवा मनगटात काळे मणी असतीलच. सुनेला हे तेथेच उभे राहून सांगावे.

पुढे जंगलात शिरल्यावर देवीच्या आधी महादेवाचे मंदिर करावे. काळ्या दगडाचे हे मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तेथील शिलालेखाची मिती शके १०७५ म्हणजे इ.स. ११५३ अशी आहे. यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे तेव्हा येथे राज्य करीत होते. त्या घराण्यातील इंद्रराजाने हे देवालय बांधण्यास घेतले आणि काम पुरे होण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. मुलगा गोवन लहान होता. इंद्रराजाची राणी श्रीदेवी हिने मुलाच्या वतीने राज्य सांभाळले आणि हे देवालय पूर्णत्वाला नेले, असा त्या लेखाचा आशय आहे. मंदिर दाखवणारे अनेक जण ‘हे पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे सांगतात. ती श्रद्धाही ऐकून घ्यावी, परंतु पतीच्या मागे राज्य आणि देऊळ दोन्ही उभे करणाऱ्या त्या बाईचे नाव आपल्या सासूबाईंच्या कानावर अवश्य घालावे.

मंदिर बाहेरून पाहताना प्रदक्षिणेच्या दिशेनेच चालावे. शिल्पी भिंतीवर मूर्तींची योजना करताना भाविक कोणत्या अंगाने येणार, हे मनात धरीत असे. उलट दिशेने चालणाऱ्याला तीच भिंत विस्कळीत वाटते. सासूबाई हात जोडून फिरतील आणि सून शिल्पे पाहत फिरेल, पण दोघींची वाट एकच राहील.

त्यानंतर देवी. जावळ, ओटी, नैवेद्य हे सर्व सावकाश होऊ द्यावे. बाळाला मामाच्या मांडीवर बसवल्यानंतर जी रडारड आणि हसणे होते, त्यात शेजारची अनोळखी कुटुंबेही सहभागी होतात, आणि खानदेशातील नवसाच्या ठिकाणांचे हे वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे नवसाच्या जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते. कोकणातल्या सुनेला बट्टी नवीन असेल, तर ती तुपात कुस्करून खाण्याची रीत कोणी तरी वडीलधाऱ्याने तिला दाखवावी. अभयारण्यात चूल पेटवण्यावर निर्बंध असतात. म्हणून स्वयंपाक नेमून दिलेल्या जागीच करावा किंवा करून न्यावा. काही वर्षांपूर्वी मंदिराच्या पायरीवर बसलेल्या एका आजीबाईंना मी त्यांच्या शेजारच्या भग्न मूर्तीविषयी विचारत होते. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आठे माय से, नुसता दगड नही.” (येथे आई आहे, नुसता दगड नाही.) पुढे त्या भग्न मूर्तीलाही त्यांनी कुंकू लावले. पुरातत्त्वाच्या नियमात ते बसत नाही हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी मी काहीही बोलले नाही.

दुपारनंतर तरुण मंडळींनी शृंगारचावडी आणि नागार्जुन या डोंगरातील कोरीव लेण्यांकडे जाण्यास हरकत नाही. सासूबाईंनी मात्र चढ चढू नये. त्यांच्यासोबत कोणी तरी खाली थांबावे.

आता पितळखोऱ्याविषयी. ही लेणी कन्नड तालुक्यात, म्हणजे खानदेशच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना त्याच दिवसात बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाटणादेवीहून रानातून जाणारी पायवाट लांबची आहे आणि वाटाड्याशिवाय ती धरू नये. मोटारीने जायचे तर औट्रम घाट चढून पठारावर यावे आणि मग पुष्कळ पायऱ्या उतरून घळीत जावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेल्या या बौद्ध लेण्यांसाठी एक सबंध सकाळ हवी. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या गंधी व्यापाऱ्याने आणि मगिल नावाच्या राजवैद्याच्या घराने येथे दान दिल्याचे लेख आहेत. एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. पाच फण्यांचा एक दगडी नाग असा कोरला आहे की, वरचे पाणी त्याच्या फण्यांतून पडावे. येथेच सापडलेली यक्षाची हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. सोनाराने दगड कोरला, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. मुलाला आणि सुनेला दुसऱ्या दिवशी दोघांनाच तेथे पाठवावे. आपण सासूबाईंसह चाळीसगावी विश्रांती घ्यावी.

प्रश्न : भास्कराचार्यांचा जन्म पाटणादेवीला झाला, असे आम्हाला शाळेत सांगण्यात आले. इंटरनेटवर मात्र कोणी विजापूर म्हणते, कोणी बीड. खरे काय? तेथे त्यांचे काही पाहायला मिळते का? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा असल्याचे आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ वयाच्या ३६ व्या वर्षी रचल्याचे स्वतः नोंदवले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपल्या घराण्याचे गाव असल्याचेही ते सांगतात. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि आपण वाचलेली निरनिराळी नावे त्या मतभेदातूनच आलेली आहेत. त्यामुळे ‘येथेच जन्म झाला’ असे छातीठोकपणे लिहिणाऱ्या फलकावर आपण विसंबू नये.

मात्र या घराण्याचा पाटणशी, म्हणजे वर आलेल्या पाटणे गावाशी, असलेला संबंध दगडावर कोरलेला आहे, आणि तो जन्मस्थळाच्या वादापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाटण्याच्या भवानीच्या पडक्या मंदिरातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत आणि पुढे पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव यांचीही. लक्ष्मीधराची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपालाने त्याला ‘या नगरातून’ नेले आणि पंडितांमध्ये अग्रस्थान दिले, असे लेख म्हणतो. चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापन केला. (मुक्ताईच्या आख्यानातील योगी चांगदेव वेगळे, या दोघांची गल्लत अनेकदा होते.) शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ सोइदेवाने त्या मठाला दान दिले.

त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. वर संस्कृत श्लोकांत वंशाची थोरवी सांगून झाल्यावर, प्रत्यक्ष द्यायचे काय, हे बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिले आहे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारा भाग मठाला द्यावा, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी पळी पळी तेल द्यावे. ग्रहगणिताची ही पाठशाळा गावातल्या तेल्यांच्या पळीवर चालत होती. आपण धुळ्याचे आहात. जमल्यास पाटणाच्या आधी आपल्याच गावातील राजवाडे संशोधन मंडळात एक फेरी मारावी. वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाल्यानंतर ही संस्था उभी राहिली. जुना लेख कसा वाचतात हे समजून घेण्यासाठी खानदेशात याहून चांगली जागा नाही.

प्रश्न : खानदेशातील प्रत्येक जुन्या मंदिराला ‘हेमाडपंती’ म्हणतात. ही सर्व मंदिरे हेमाडपंतांनी बांधली काय? (एक निवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : नाही. हेमाद्रिपंडित, म्हणजेच हेमाडपंत, हे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी होते, म्हणजे त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चाळीसगावजवळ वाघळी येथील शिलालेख मात्र शके ९९१ चा, म्हणजे इ.स. १०६९ चा आहे. त्यात सेउणचंद्र यादव आणि त्याचा मांडलिक गोविंदराज मौर्य यांचा उल्लेख येतो. हेमाडपंतांच्या दोनशे वर्षे आधी खानदेशात अशी देवालये उभी राहत होती, हे त्यावरून स्पष्ट होते. चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून केलेल्या बांधणीला लोकांनी हे नाव दिले आणि ते रूढ झाले. बोलताना वापरण्यास हरकत नाही, पण गावच्या फलकावर कर्त्याचे नाव म्हणून ते लिहू नये. वाघळी हे चाळीसगावहून भुसावळकडे जाताना पहिलेच रेल्वे स्थानक आहे. तेथील मुधाईदेवीचे मंदिर अर्ध्या दिवसात सहज पाहून होते.

प्रश्न : माझ्या मुंबईच्या मैत्रिणींना आमच्या घरची कानबाई पाहायची आहे. आजी म्हणते, बाहेरच्या माणसांना रोट देत नाहीत. मग त्यांना बोलवावे की नाही? (एक युवती, अमळनेर)

उत्तर : अवश्य बोलवावे, आणि आजींचा शब्दही मोडू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र जमण्यासारख्या आहेत.

कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिच्या आधी घर झाडून-सारवून घेतात, भांडी घासतात, आणि रोटाचे धान्य दळण्यापूर्वी गावातील पिठाची गिरणीसुद्धा धुऊन काढतात. घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मुठीने गहू मोजून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. चौरंगावर नारळाच्या रूपाने देवी बसते, तिला नथ, मणी, वस्त्र चढते, रात्रभर अहिराणी गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. दर्शनाला कोणीही यावे. रात्रीच्या गाण्यात कोणीही बसावे. रोट मात्र भाऊबंदांतच खाल्ला जातो. तो एका कुळाचा प्रसाद आहे आणि कुळ म्हणजे कोण, हे त्या पंक्तीत बसणारे दरवर्षी नव्याने मोजून घेतात. मैत्रिणींना हे आधीच समजावून सांगितले, तर त्यांना त्यात दुरावा वाटणार नाही. त्यांच्यासाठी पुरणपोळीचा वेगळा स्वयंपाक शेजारच्या घरी करता येतो, आमच्या गल्लीत तसेच करीत असत.

दोन सूचना. गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये. चित्रीकरण करायचेच असेल, तर आधी विचारून आणि कोपऱ्यात बसून करावे. आणि सोमवारी विसर्जन झाल्यावर मैत्रिणींना लगेच स्थानकावर न सोडता तेथूनच पारोळ्याला न्यावे. अमळनेरहून ते फार लांब नाही. तेथील भुईकोट किल्ला १७२७ मध्ये बांधल्याचे सांगतात, त्याचा खंदक आणि तट अद्याप ओळखू येतात, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचे नाते या गावाशी जोडलेले आहे. रात्रभर माहेरवाशिणींची गाणी ऐकलेल्या मुलींना ते नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : आम्ही शिरपूरला राहतो. रविवारी एकच ठिकाण करायचे, तर बळसाणे की थाळनेर? (एक वाचक दांपत्य)

उत्तर : शिल्पे पाहण्याची आवड असेल तर बळसाणे. साक्री तालुक्यात बुराई नदीच्या काठी असलेला हा मध्ययुगीन मंदिरांचा समूह केंद्रीय संरक्षित आहे. त्यातील तीन गाभाऱ्यांचे मंदिर सावकाश पाहावे. याच गावात विमलनाथांचे जैन तीर्थ असल्याने तेथे यात्रेकरूंची ये-जा सतत असते, परंतु त्यांतील फार थोडे जुन्या मंदिरांकडे वळतात.

थाळनेर तुम्हाला जवळ आहे आणि तापीकाठची संध्याकाळ तेथे लाभते. खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याची ही राजधानी. त्याचे निधन १३९९ मध्ये झाले. पुढे त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवले आणि थाळनेर मागे पडले. फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत आणि त्यांतील एक अष्टकोनी इमारत बाहेरून कोरीव कामाने सजलेली आहे. किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा किल्लेदाराला फाशी दिले होते. तटावर तापीकडच्या बाजूने चालताना माती सुटी आहे, याची काळजी घ्यावी.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर एक पडके शिवमंदिर आहे. मंडळातर्फे आम्ही एका रविवारी त्याची स्वच्छता करणार आहोत. दगड घासून, रंग देऊन, समोर फरशी बसवण्याचा विचार आहे. वर्गणीही जमली आहे. आणखी काय करावे? (मंडळाचे कार्यकर्ते, एरंडोल तालुका)

उत्तर : तुमची तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते: रंग देऊ नका, दगड घासू नका आणि फरशी बसवू नका.

ज्या गावात माझे बालपण गेले, तेथील मंदिराच्या द्वारशाखेवर वेलबुट्टीची इतकी बारीक नक्षी होती की, लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवून खेळत असू. पंधरा वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी भक्तीने तिला तैलरंगाचे तीन थर दिले. आज ती नक्षी दिसत नाही, आणि रंग काढू गेल्यास दगडाचे कपचे निघतात. एके ठिकाणी दगडावर अक्षरे होती, असे वडील सांगत. ती अक्षरे आता कोणीही वाचू शकणार नाही. वर पाटणच्या लेखातील तेलाच्या पळीचा उल्लेख केला आहे. तो दगड कोणी असा रंगवला असता, तर ती पळी आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती.

आधी हे मंदिर संरक्षित आहे काय, याची चौकशी करा. केंद्राचा कायदा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. संरक्षित नसले, तरीही पुढील मर्यादा पाळाव्यात, असे मला वाटते. प्लॅस्टिक, बाटल्या, जुने निर्माल्य आणि वाळके गवत खुशाल काढा. सांध्यांत रुजलेला पिंपळ ओढून उपटू नका. त्याच्या मुळांनी दगड धरलेले असतात आणि झाड उपटताना भिंतच खाली येते. वरचा भाग कापून ठेवा आणि पुढचे काम जाणकारांवर सोपवा. आजूबाजूला वीरगळ, सतीशिळा किंवा मूर्तीचे तुकडे पडलेले असतील, तर ते उचलून एका ओळीत मांडण्याचा मोह आवरा, कारण तुकडा कोठे पडला आहे यावरूनही जाणकाराला पुष्कळ कळते. आहे त्या जागी त्यांची छायाचित्रे घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. खणताना नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, म्हणून मुळात खणूच नका.

जमलेल्या वर्गणीतून मंदिरापासून पुरेशा अंतरावर कचराकुंडी आणि पिण्याच्या पाण्याची सोय करा. त्याच तालुक्यात उतावळी नदीकाठी फरकांड्याचे झुलते मनोरे होते. दोहोंपैकी एक कोसळून गेला आणि एकच उरला आहे. मंडळातील मुलांना एकदा तेथे नेऊन उरलेला मनोरा दाखवा, आणि पद्मालयाचे दर्शनही त्याच फेरीत घ्या. दोन गणेशमूर्ती आणि समोरचे कमळांचे तळे असे ते ठिकाण आहे. तेथे गेल्यावर, रंग न देताही देवस्थान प्रसन्न कसे राहते, यावर मुलांशी बोलता येईल.

प्रश्न : बहाळ येथे मोठे उत्खनन झाल्याचे वाचले आणि मुलांना घेऊन गेलो, परंतु तेथे पाहण्यासारखे काहीच आढळले नाही. आम्ही चुकीच्या जागी गेलो होतो काय? (एक पालक, भडगाव)

उत्तर : आपण बहुधा योग्य जागीच गेला होता. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. ना. देशपांडे यांनी गिरणाकाठच्या बहाळला उत्खनन केले. नदीपलीकडे टेकवाड्याला तेथील जुन्या वस्तीच्या काळातील दफने मिळाली. उत्खननाचे खड्डे काम झाल्यावर बुजवतात आणि सापडलेल्या वस्तू संग्रहात जातात. जागेवर उरते ते केवळ टेकाड. जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढऱ्या मातीला आपल्याकडे ‘पांढर’ म्हणतात, आणि शेजारच्या शेताच्या काळ्या मातीशी ताडून पाहिले की तिचा रंग मुलांनाही लगेच ओळखता येतो. माणसांनी शेकडो वर्षे घरे बांधली, ती पडली, चुलींची राख आणि गुरांचे शेण त्यात मिसळले, आणि त्यातून ही माती झाली.

पुन्हा जाल, तेव्हा पावसाळा संपल्यावर जा. पावसाने वरचा थर धुतलेला असतो आणि खापराचे तुकडे उघडे पडलेले असतात. तांबड्या खापरावर काळ्या रंगाच्या रेषा दिसल्या, तर ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरातले असण्याचा संभव आहे. याच गावात सारजादेवीचे मंदिर आहे आणि शके ११४४ च्या तेथील लेखात भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव याने देवीचे देऊळ बांधल्याचे नमूद आहे. सकाळी टेकाड आणि मग देवी, असा क्रम ठेवावा. मुलांना खापर हातात घेऊ द्या, रेषा बोटाने चाचपू द्या, पाठीमागे कुंभाराच्या बोटांचे वळ दिसतात का ते पाहू द्या, आणि पाहून झाल्यावर ते जेथून उचलले तेथेच, त्याच बाजूने ठेवायला सांगा.